पीसी चालू केला की नेट आपोआप लागलं पाहिजे, त्यासाठी काय करायचं

रोज पीसी चालू करायचा, मग खाली कोपऱ्यात नेटच्या चिन्हावर क्लिक, मग ब्रॉडबँड कनेक्शन, मग कनेक्ट, आणि त्यात पासवर्ड मागितला की केबलवाल्यानं कुठल्या वहीत लिहून दिलाय ते शोधत बसायचं. सांगली मिरजेत अजून बऱ्याच घरात हे असंच चालू आहे, विशेषतः जिथं पोरं पुण्याला नाहीतर बेंगलोरला आणि घरी आईवडील व्हिडिओ कॉलपुरता पीसी लावतात. मार्केट यार्डातल्या छोट्या दुकानातपण तेच, जीएसटीचं रिटर्न भरायला बसलं की आधी नेट जोडा. एकदा अर्धा तास बसून सेटिंग केलं की हे सगळं बंद होतंय. फुकट होतंय, कुठलं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही, विंडोजमध्ये सगळं आधीपासून आहे.

पण आधी एक तपासा, तुमच्याकडं नेट जोडण्याचं काम करतंय कोण, पीसी का राऊटर. तपासायला सोपं आहे. पीसी पूर्ण बंद करा आणि मोबाईलचा डेटा बंद करून घरच्या वायफायवर काही उघडतंय का बघा. उघडलं तर तुमचा राऊटर स्वतःच जोडून बसलाय, पीसीला काहीच करायचं नाही, पुढचं वाचायचीपण गरज नाही. उघडलं नाही, किंवा घरात वायफायच नाही आणि डब्यातून आलेली वायर सरळ पीसीच्या मागं लागलीय आणि कनेक्ट दाबल्याशिवाय नेट येत नाही, तर हा लेख तुमचाच आहे.

ह्या युजरनेम पासवर्ड टाकून जोडायच्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. १९९९ साली ती लिहून ठरवली गेली, म्हणजे जुनी गोष्ट आहे, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ती विंडोजच्या आतच येते. २००५ ला बीएसएनएलचं डेटावन आलं तेव्हा फोनच्या लाईनवरचा मॉडेम नुसता मधे ठेवायचा आणि कनेक्शन पीसीवरनं लावायचं असं लई ठिकाणी केलेलं होतं. आता फोनच्या तारेच्या जागी फायबर आली, मॉडेमच्या जागी ओएनटी नावाचा पांढरा डबा आला, पण तो डबा ब्रिज मोडला ठेवला असेल, म्हणजे तो स्वतः लॉगिन न करता नुसता मधे राहत असेल, तर पीसीच्या दृष्टीनं काही बदललेलं नाही, युजरनेम पासवर्ड अजून पीसीलाच द्यावा लागतोय.

लिहिताना एक अडचण आहे. कमांड सगळ्या इंग्रजी अक्षरात टाईप करायच्या असतात आणि मी इथं देवनागरीत लिहितोय, म्हणून फोनवर सांगतो तशी अक्षरं सुटी सुटी सांगणार आहे. तुम्ही ती इंग्रजीत, छोट्या लिपीत, मधे जागा न सोडता सलग टाकायची. जिथं जागा सोडायची तिथं मी "स्पेस" म्हणेन.

आता कनेक्शन नीट तयार करू. आधीपासून एक असलं तरी नवीन करा असं मी सांगेन, कारण जुन्याचं नाव "ब्रॉडबँड कनेक्शन" असं दोन शब्दांचं असतंय, आणि नावात स्पेस असली की कमांड देताना अवतरण चिन्हं टाकावी लागतात, ती विसरली की चालत नाही. तर विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात डायल-अप, त्यात "सेट अप अ न्यू कनेक्शन". डायल-अप नाव वाचून घाबरू नका, तो जुना टूंटूं आवाज करणारा प्रकार नव्हे, विंडोजनं ब्रॉडबँडपण त्याच खोलीत ठेवलंय एवढंच. विंडोज ७ असेल तर हेच कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये सापडेल. पुढं "कनेक्ट टू द इंटरनेट" निवडा. नेट आधीच चालू असेल तर तो म्हणेल तुम्ही जोडलेलेच आहात, तरी खालचं "सेट अप अ न्यू कनेक्शन एनीवे" दाबा. मग "ब्रॉडबँड पीपीपीओई".

आता जे पान येईल तिथं घाई करू नका. युजरनेम आणि पासवर्ड केबलवाल्यानं दिलेला जसाच्या तसा. "शो कॅरेक्टर्स" वर टिक करा म्हणजे काय टाईप होतंय ते दिसेल, नाहीतर शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल ह्यात लोकं कायम गंडतात. "रिमेंबर धिस पासवर्ड" ला टिक पाहिजेच पाहिजे, ती नसेल तर पुढचं काहीच आपोआप होणार नाही. नाव बदलून जी एच ए आर ठेवा, म्हणजे घर, दुसरं काहीपण चालेल पण एकच शब्द. खाली "अलाव अदर पीपल टू यूज धिस कनेक्शन" म्हणून एक टिक आहे, पीसीवर दोघातिघांचे वेगवेगळे लॉगिन असतील तर ती करा, एकटेच वापरत असाल तर नाही केली तरी चालतंय. मग कनेक्ट. जोडलं गेलं तर उत्तम. नाही गेलं आणि तुम्हाला माहिती आहे की लाईनच बंद आहे, तरी "सेट अप द कनेक्शन एनीवे" दाबून सेव्ह करून ठेवता येतंय.

पहिल्यांदा जोडल्यावर हे घरचं नेटवर्क का सार्वजनिक असं विचारलं तर सार्वजनिक म्हणजे पब्लिकच निवडा. घरात असलात तरी. कारण इथं मधे राऊटर नाही, पीसी सरळ बाहेरच्या नेटवर उभा आहे, आणि पब्लिक निवडलं की विंडोज फायरवॉल कडक राहतंय. फायरवॉल बंद करायला कुणी सांगितलं असेल, अगदी केबलवाल्याच्या पोरानं, तरी करू नका. आणि अजून विंडोज ७ वर असाल तर त्याचे सुरक्षेचे अपडेट जानेवारी २०२० ला बंद झालेत, विंडोज १० ची नेहमीची मुदतपण ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा अशा पीसीला सरळ नेटवर ठेवण्यापेक्षा मधे राऊटर घेतलेला बरा, त्याबद्दल खाली सांगतो.

कनेक्शन झालं, आता ते कमांडनं लागतंय का बघायचं. ही पायरी लोकं गाळतात आणि मग पुढं काहीतरी चाललं नाही की कुठं चुकलं ते कळत नाही. आधी नेट डिस्कनेक्ट करा. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, बॉक्स येईल त्यात सी एम डी टाकून एंटर. काळी खिडकी उघडेल. त्यात टाईप करा आर ए एस डी आय ए एल, स्पेस, जी एच ए आर, आणि एंटर. ह्या कमांडला रासडायल म्हणतात. दोनचार सेकंदात जोडलं गेल्याचा मेसेज आला तर पुढं चला. युजरनेमची चूक दाखवली तर सेव्ह केलेला पासवर्ड त्याला सापडत नाहीये, मग नावापुढं स्पेस देऊन युजरनेम आणि परत स्पेस देऊन पासवर्ड असं टाकूनपण चालतंय. पण तसं केलं की पासवर्ड उघडा लिहिलेला राहतो, घरात ठीक, दुकानात जिथं चार माणसं पीसीला हात लावतात तिथं मी करणार नाही.

हे झाल्यावर बरेच जण काय करतात, कनेक्शनचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकून देतात, झालं म्हणतात. आणि ते चार दिवस चालतं आणि पाचव्या दिवशी चालत नाही. ह्याचं कारण समजून घ्या, कारण सगळी गोम तिथंच आहे. आपल्याकडं रात्री झोपताना बोर्डावरचं एक बटण बंद केलं की पीसी, मॉनिटर, ओएनटी सगळं एकदम बंद. सकाळी तेच बटण चालू केलं की सगळं एकदम चालू. आता पीसीत एसएसडी असेल तर तो अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉपवर आलेला असतो, पण ओएनटीला स्वतः बूट होऊन फायबरवर पलीकडच्या मशीनशी सूत जुळवायला मिनिट दीड मिनिट लागतंय, कधी जास्तपण. म्हणजे पीसी नंबर लावतो तेव्हा पलीकडं उचलायलाच कुणी नसतं. एरर येते ६५१, आणि शॉर्टकट बिचारा एकदाच प्रयत्न करून गप्प बसतो. ज्यांचा पीसी जुना, हार्डडिस्कवाला आणि हळू आहे त्यांच्याकडं हाच शॉर्टकट मस्त चालतो, आणि म्हणून "माझ्याकडं तर चालतंय" असं सांगणारे भेटतात. पीसी फास्ट केला आणि नेट आपोआप लागायचं बंद झालं, अशी तक्रार खरी असू शकते.

तेव्हा आपल्याला दोन गोष्टी पाहिजेत. थोडं थांबून जोडणं, आणि नाही जोडलं किंवा मधेच तुटलं तर परत जोडणं. दोन्ही टास्क शेड्युलरमध्ये होतंय, म्हणजे ठरवून दिलेलं काम आपोआप चालवणारं विंडोजमधलंच साधन.

स्टार्टमध्ये टास्क असं टाईप करा, टास्क शेड्युलर वर येईल, उघडा. उजवीकडं "क्रिएट टास्क" दिसेल. त्याच्यावरच "क्रिएट बेसिक टास्क" पण आहे, ते नको, त्यात थांबण्याची सोय नाही. खिडकी उघडली की वर पाच टॅब दिसतील.

जनरल मध्ये नाव द्या, काहीपण, नेट जोडणे असं मराठीतपण चालतं. "रन ओन्ली व्हेन युजर इज लॉग्ड ऑन" असंच राहू द्या.

ट्रिगर्स मध्ये न्यू दाबा. वर "बिगिन द टास्क" समोर यादी आहे, त्यातनं "ॲट लॉग ऑन" निवडा. इथं "ॲट स्टार्टअप" पण दिसेल आणि साहजिक तेच निवडावं वाटेल, पण नका निवडू. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आलाय, त्यात शटडाऊन केलं तरी विंडोजचा आतला भाग पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उचलला जातो. त्यामुळं शेड्युलरच्या हिशोबानं स्टार्टअप झालेलंच नसतं आणि टास्क पळतच नाही. रिस्टार्ट केलं की मात्र पळतंय, म्हणून माणूस चक्रावतो. लॉग ऑन निवडलं की ही भानगड नाही. त्याच खिडकीत खाली "डिले टास्क फॉर" ला टिक करा. यादीत ३० सेकंद, १ मिनिट असे आकडे येतात. ओएनटी कायम चालू ठेवत असाल तर ३० सेकंद पुष्कळ. सगळं एका बटणावर असेल तर १ मिनिट घ्या, आणि तेही कमी पडलं तर त्या चौकोनात स्वतः टाईप करून २ मिनिटं करता येतात. ओके.

ॲक्शन्स मध्ये न्यू. "स्टार्ट अ प्रोग्रॅम" असेलच. प्रोग्रॅमच्या जागी आर ए एस डी आय ए एल, टिंब, ई एक्स ई. खाली "ॲड आर्ग्युमेंट्स" च्या जागी फक्त कनेक्शनचं नाव, जी एच ए आर. दोन्ही एकाच ओळीत टाकू नका.

कंडिशन्स मध्ये लॅपटॉपवाल्यांनी लक्ष द्या. "स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर" ला आपोआप टिक असते, ती काढा, नाहीतर लाईट गेलेली असताना लॅपटॉप बॅटरीवर असेल तर टास्क पळणारच नाही. खाली नेटवर्क उपलब्ध असेल तरच चालव अशीपण एक टिक आहे, तिला हात लावू नका, नेट लावायलाच तर आपण टास्क करतोय.

सेटिंग्ज मध्ये "इफ द टास्क फेल्स, रीस्टार्ट एव्हरी" असं दिसेल आणि वाटेल हेच तर पाहिजे होतं. त्याच्यावर भरवसा ठेवू नका. रासडायल पळाला पण नेट नाही लागलं, तर शेड्युलर म्हणतो मी प्रोग्रॅम चालवला, माझं काम झालं. परत प्रयत्न करायची सोय आपण वेगळी करणार आहोत.

ओके करून बाहेर या, डावीकडं टास्क शेड्युलर लायब्ररीवर क्लिक केलं की यादीत तुमचं टास्क दिसेल. नेट डिस्कनेक्ट करून टास्कवर राईट क्लिक, रन. काळी खिडकी क्षणभर चमकून जाईल आणि नेट लागेल. मग खरी परीक्षा, पीसी बंद करा, बोर्डाचं बटण बंद, थोडं थांबून परत चालू.

इथपर्यंत झालं म्हणजे मूळ काम झालं. पण सांगलीत राहून एवढ्यावर थांबणं मला पटत नाही. आपल्याकडं एप्रिल मे मध्ये वळवाचा पाऊस आला की लाईट जातीय येतीय जातीय येतीय, पीसी यूपीएसवर चालू राहतो आणि ओएनटी मात्र बंद पडतो. लाईट आली, ओएनटी उठला, पण पीसीवरचं कनेक्शन तुटलेलं ते तुटलेलंच, कारण तुम्ही काही परत लॉग ऑन केलेलं नाही. आई फोन करून विचारते नेट का गेलं. तेव्हा सुरुवातीला जोडण्यापेक्षा तुटल्यावर परत जोडणं जास्त कामाचं आहे आणि ते फक्त दोन जादा ट्रिगरचं काम आहे.

विंडोज नेट जोडलं, तुटलं, फसलं ह्या सगळ्याची नोंद ठेवतंय. तुटलं की नोंदीचा नंबर असतो २०२२६, आणि जोडायचा प्रयत्न फसला की २०२२७. आपण शेड्युलरला सांगायचं की ह्या नोंदी दिसल्या की टास्क परत पळव. त्याच टास्कवर डबल क्लिक, ट्रिगर्स, न्यू. "बिगिन द टास्क" ला ह्यावेळी "ऑन ॲन इव्हेंट". लॉग मध्ये ॲप्लिकेशन निवडा, सोर्स मध्ये रासक्लायंट, यादी लांबलचक आहे, आर दाबलं की जवळ जाईल. इव्हेंट आयडी २०२२६. डिले १ मिनिट. ओके. परत न्यू, सगळं तसंच, फक्त आयडी २०२२७. आता तुटलं तर मिनिटभरानं प्रयत्न, फसला तर परत मिनिटभरानं, लागेपर्यंत. पीसी स्लीपमधून उठल्यावर नेट गेलेलं असतं अशी तक्रार असेल तर "ऑन वर्कस्टेशन अनलॉक" असा अजून एक ट्रिगर टाका. नेट आधीच लागलेलं असताना रासडायल पळाला तरी काही बिघडत नाही, तो म्हणतो जोडलेलंच आहे आणि जातो.

ह्याचे दोन तोटे आहेत ते माहिती असू द्या. एक, तुम्ही मुद्दाम डिस्कनेक्ट केलं तरी मिनिटात परत लागेल, कारण तुमचं तोडणं आणि लाईनचं तुटणं, दोन्हीच्या नोंदीचा नंबर तोच २०२२६ आहे. पोरांची परीक्षा आहे म्हणून नेट बंद ठेवायचं असेल तर टास्कवर राईट क्लिक करून डिसेबल करा, किंवा सरळ वायर काढा. दोन, पासवर्ड चुकीचा असेल तर हा दर मिनिटाला चुकीचा पासवर्ड घेऊन दार वाजवत राहील, आणि काही ठिकाणी असं सारखं झालं की पलीकडून काही वेळ खातं अडवून ठेवतात. म्हणून वर म्हटलं ना, कमांडनं आधी एकदा तपासा आणि मगच हे दोन ट्रिगर टाका.

आता एररचे आकडे. सगळे पाठ करायची गरज नाही, चार पुरेत.

६५१ म्हणजे पलीकडून उत्तरच आलं नाही. वायर हलली का, पीसीच्या मागच्या पोर्टचा दिवा लागलाय का, ओएनटी पूर्ण चालू झाला का बघा. ओएनटीवर एलओएस नावाचा दिवा लाल असेल तर फायबरच कुठंतरी तुटलीय किंवा दुमडलीय, पीसीवर काहीपण करून उपयोग नाही, केबलवाल्याला फोन. पावसाळ्यात खांबावरून आलेल्या केबलचं हे नेहमीचं आहे. फायबर काचेची असते, कपाटामागं गच्च दुमडून ठेवू नका.

६९१ म्हणजे युजरनेम पासवर्ड मान्य नाही. पण लगेच टाईप करायचं चुकलं असं समजू नका. रिचार्ज संपलं असेल तरी काही ठिकाणी हेच दिसतंय. आणि दुसरं एक कारण जे आपल्याकडं लाईट गेली की हमखास घडतंय. पीसी नीट बंद न होता गेला, तर पलीकडच्या सर्व्हरला ते कळायला वेळ लागतो, त्याच्या लेखी तुम्ही अजून जोडलेलेच असता. एका खात्यावर एकच जण चालतो असा नियम असेल तर तो तुम्हालाच तुमच्या जागी आत घेत नाही आणि ६९१ देतो. अशावेळी पासवर्ड बदलत बसू नका, पाचदहा मिनिटं थांबा, आपला टास्क मिनिटामिनिटाला प्रयत्न करतोच आहे, सर्व्हरनं जुनं सोडलं की लागतंय.

६२३ म्हणजे त्या नावाचं कनेक्शनच सापडलं नाही. स्पेलिंग बघा, किंवा दुसऱ्या लॉगिनखाली केलेलं असेल आणि ती "अदर पीपल" वाली टिक राहिली असेल.

८१३ म्हणजे त्याच वायरवर आधीच एक ब्रॉडबँड कनेक्शन चालू आहे. जुनं कनेक्शन शिल्लक असेल तर काढून टाका. विंडोज आणि आर दाबून एन सी पी ए, टिंब, सी पी एल टाकलं की सगळी कनेक्शनं एका जागी दिसतात.

टास्क पळालं का, काय झालं, हे शेड्युलरच्या "लास्ट रन रिझल्ट" मध्ये दिसतंय, पण तिथं आकडा संगणकाच्या सोळाच्या पद्धतीत येतो. सगळं शून्य असेल तर काम झालं. शेवटी २८बी असेल तर ते ६५१, २बी३ असेल तर ६९१, २६एफ असेल तर ६२३. हा तक्ता लिहून पीसीला चिकटवून ठेवा, फोनवर मुलाला सांगायला बरं पडतंय.

पीसी बदलला किंवा मदरबोर्ड बदलला आणि सगळं बरोबर असूनही लागत नसेल तर केबलवाल्याला एवढंच सांगा, मॅक बदललाय, म्हणजे पीसीच्या नेटवर्क पोर्टचा ओळख नंबर. बरेच लोकल ऑपरेटर खातं एकाच मशीनच्या मॅक ॲड्रेसला बांधून ठेवतात, तो त्यांच्याकडून मोकळा करून घ्यावा लागतो. दोन मिनिटाचं काम असतंय, पण माहिती नसेल तर माणूस दिवसभर विंडोज परत परत टाकत बसतो.

आता राऊटरबद्दल. माझं स्पष्ट मत असं की घरात दोन मोबाईल असतील आणि राऊटर घ्यायची ऐपत असेल तर हे वरचं सगळं करण्यापेक्षा युजरनेम पासवर्ड राऊटरमध्ये टाका. तो चोवीस तास चालू, तुटलं की स्वतः जोडतो, पीसीपण बाहेरच्या नेटपासून एक पाऊल मागं राहतो. ओएनटीतून आलेली वायर राऊटरच्या वॅन म्हणजे बाहेरच्या नेटच्या पोर्टला लावा, तो बहुतेक वेगळ्या रंगाचा असतो. पीसी राऊटरच्या दुसऱ्या कुठल्यापण पोर्टला. मग ब्राउझरमध्ये राऊटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला पत्ता टाका, बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. वॅन किंवा इंटरनेट असं पान शोधा, प्रकार पीपीपीओई निवडा, युजरनेम पासवर्ड टाका. कनेक्शन मोड असं काहीतरी असेल तिथं ऑटो किंवा ऑलवेज ऑन, ऑन डिमांड नको. एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचं जास्तीत जास्त माप, विचारला तर १४९२. नेटवर एका पाकिटात १५०० बाईट मावतात आणि त्यातले ८ पीपीपीओई स्वतःसाठी खातो, म्हणून १४९२. हा आकडा चुकला की गंमत होते, काही साईट उघडतात आणि काही नुसत्या फिरत बसतात. काही कंपन्या व्हीलॅन आयडी म्हणून एक नंबरपण मागतात, तो त्यांनाच विचारावा लागतो. राऊटरचा ॲडमिन पासवर्ड मात्र त्याच बैठकीत बदला.

राऊटर लावलात तर पीसीवरचं घर नावाचं कनेक्शन आणि टास्क दोन्ही काढून टाका. नाहीतर पीसी बिचारा मिनिटामिनिटाला प्रयत्न करत बसेल, आणि एखादेवेळी त्याला आधी जागा मिळाली तर राऊटर बाहेर, सगळ्या घराचं वायफाय बंद आणि कुणाला कळणार नाही का. आणि १२ व्होल्टचा छोटा राऊटर यूपीएस मिळतो, ओएनटी आणि राऊटर दोन्ही त्याच्यावर चालतात, पण घेण्याआधी दोन्हीच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा बघून घ्या. लाईट आल्यावर ओएनटी उठायची वाटच बघावी लागत नाही, कारण तो झोपलेलाच नसतो.

उबंटू किंवा मिंट वापरणाऱ्यांना एवढा व्याप नाही. नेटवर्क कनेक्शन्समध्ये डीएसएल पीपीपीओई प्रकारचं कनेक्शन करून जनरलमध्ये "कनेक्ट ऑटोमॅटिकली" ला टिक केली की झालं.

पुढं कधी केबलवाला बदलला किंवा त्यानं पासवर्ड बदलून दिला तर टास्कला हात लावायचा नाही. आधी ते डिसेबल करा, मग डायल-अपमध्ये जाऊन कनेक्ट दाबा, नवीन पासवर्ड टाका आणि सेव्ह करायची टिक विसरू नका, एकदा हातानं जोडून बघा, लागलं की टास्क परत एनेबल. पासवर्ड आर्ग्युमेंट्समध्ये लिहिला असेल तर मात्र तिथंपण बदलावा लागेल. आणि जुना पीसी कुणाला विकणार असाल तर ते कनेक्शन आणि टास्क दोन्ही डिलीट करून द्या, नाहीतर घेणारा तुमच्या खात्याचा पासवर्ड सोबत घेऊन जाईल.